२२ मीटरचा जिना

फुफ्फुसाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरवताना सर्जनसमोर दोन प्रश्न असतात. गाठ पूर्ण निघेल का, हा पहिला. ती निघाल्यावर उरलेल्या फुफ्फुसावर हा माणूस हिंडू-फिरू शकेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सीटी आणि पेट स्कॅनमधून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर पुष्कळदा रुग्णालयाच्या जिन्यावर मिळतं.

ही रीत जुनी आहे. छातीची ऑपरेशनं करणारे जुने सर्जन रुग्णाला सोबत घेऊन स्वतः दोन-चार मजले चढायचे. रुग्ण गप्पा मारत वर पोहोचला तर ठीक, दुसऱ्याच वळणावर कठड्याला धरून उभा राहिला तर ऑपरेशनचा पुन्हा विचार. त्यात शास्त्र कमी आणि अनुभव जास्त होता. पुढे इटलीतल्या अँकोना शहरातले सर्जन अलेस्सांद्रो ब्रुनेल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सवयीला मोजमाप दिलं. मजल्यांची उंची इमारतीगणिक बदलते, म्हणून त्यांनी मजले मोजायचं सोडून चढलेली उंची मीटरमध्ये मोजली. २००८ साली त्यांनी ६४० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. न थांबता २२ मीटरच्या वर चढणाऱ्यांच्या तुलनेत १२ मीटरही न चढू शकलेल्यांमध्ये ऑपरेशननंतरच्या हृदय-फुफ्फुसाच्या गुंतागुंती दुप्पट होत्या आणि मृत्यूचं प्रमाण तब्बल १३ पट.

आपल्याकडे पायरी साधारण १६ सेंटीमीटर उंचीची धरली, तर २२ मीटर म्हणजे जवळजवळ १३८ पायऱ्या. तीन मीटरचा मजला धरला तर सात मजल्यांहून थोडं जास्त. लिफ्ट बंद पडल्यावर सात मजले चढून गेलेल्या कुणालाही हा आकडा काय आहे ते सांगावं लागणार नाही.

माणूस एका फुफ्फुसावर जगू शकतो हे मुळात कळलं कसं, ती कथा इथे सांगायला हवी. ५ एप्रिल १९३३. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातलं बार्न्स हॉस्पिटल. सर्जन एव्हर्ट्स ग्रॅहम यांच्यासमोर टेबलावर होते पिट्सबर्गचे ४८ वर्षांचे डॉक्टर जेम्स गिलमोर, व्यवसायाने प्रसूतितज्ज्ञ. डाव्या फुफ्फुसात कर्करोग. बेत होता फक्त एक खंड काढण्याचा. छाती उघडल्यावर दिसलं, की एका खंडाने भागणार नाही. ग्रॅहमनी पूर्ण डावं फुफ्फुस काढलं. कर्करोगासाठी एका वेळी अख्खं फुफ्फुस काढलं आणि रुग्ण जगला, असं तोवर झालं नव्हतं. गिलमोर नुसते वाचले नाहीत. पुन्हा दवाखान्यात जाऊ लागले आणि एका फुफ्फुसावर तीस वर्षं जगून १९६३ साली वारले. त्यांच्या आधीच, १९५७ साली, ग्रॅहम गेले. तेही फुफ्फुसाच्याच कर्करोगाने. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा १९५० सालचा गाजलेला शोधनिबंध ज्या दोघांनी लिहिला, त्यांतले ते एक. ग्रॅहम स्वतः वर्षानुवर्षं सिगारेट ओढत. त्यांनी ती सोडली, पण उशिरा.

गिलमोर जगले, कारण निसर्गाने आपल्याला गरजेपेक्षा पुष्कळ जास्त फुफ्फुस दिलेलं आहे. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. तोच जोरात धावला तर शंभर लिटरपर्यंत जातो. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे आपली राखीव ताकद, आणि फुफ्फुसाचा तुकडा काढला जातो तेव्हा तो या राखीव ताकदीतून जातो. अडचण अशी, की कर्करोग होणाऱ्या पुष्कळांची ती आधीच खर्च झालेली असते. कुणाची विडीत, कुणाची चुलीच्या धुरात, कुणाची तरुणपणी होऊन गेलेल्या क्षयात.

किती उरली आहे, ते मोजायची सुरुवात पीएफटीने, म्हणजे फुफ्फुसाच्या क्षमतेच्या चाचणीने, होते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, समोर तंत्रज्ञ जीव तोडून ओरडतोय, ‘फुंका, फुंका, अजून फुंका!’ पहिल्या एका सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते तिला एफईव्ही-१ म्हणतात. श्वास मोजण्याचं हे यंत्र, स्पायरोमीटर, इंग्लंडच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली मांडलं. दोन हजारांवर माणसांना त्यात फुंकायला लावून त्यांनी उंची आणि श्वासाची क्षमता यांचं नातं दाखवून दिलं होतं. आजच्या तपासणीत आणखी एक आकडा असतो, डीएलसीओ. हवा आत गेल्यावर तिच्यातला वायू रक्तात कितपत उतरतो ते तो सांगतो. भाता चांगला असून जाळी खराब झालेले रुग्ण असतात. त्यांची एफईव्ही-१ दिलासा देते आणि डीएलसीओ खरं सांगते.

यापुढचं गणित शाळेतलं आहे. उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. या खंडांचे मिळून १९ छोटे भाग धरतात: उजवीकडे १०, डावीकडे ९. समजा, एखाद्याची एफईव्ही-१ त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाच्या ७० टक्के आहे आणि उजवीकडचा वरचा खंड काढायचा आहे. त्या खंडाचे तीन भाग जाणार, १६ उरणार. ७० ला १६ ने गुणा, १९ ने भागा: ५९ टक्के. याच माणसाचं डावं फुफ्फुस पूर्ण काढावं लागलं तर १० भाग उरतात आणि उत्तर येतं ३७ टक्के.

अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एफईव्ही-१ आणि डीएलसीओ हे ऑपरेशननंतरचे दोन्ही अपेक्षित आकडे ६० टक्क्यांच्या वर असले तर पुढे तपासण्या करायची गरज नाही. एखादा जरी ६० च्या खाली, पण दोन्ही ३० च्या वर असले, तर रुग्णाला जिना चढायला किंवा शटल चालायला लावायचं. म्हणजे आपला ५९ टक्केवाला एका टक्क्यासाठी जिन्याशी येऊन ठेपला. त्याने २२ मीटर काढले तर सुटला. नाही काढले तर मास्क लावून सायकल चालवण्याची मोठी चाचणी, जिच्यात शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजतात. वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला २० मिलिलिटरच्या वर उत्तर आलं तर धोका कमी. १० च्या खाली आलं तर फार मोठा. तिथे ऑपरेशनऐवजी दुसरे उपाय बघावे लागतात. हा १० चा आकडा किती लहान आहे बघा: सपाट रस्त्यावर रमतगमत चालायलाच शरीराला साधारण तेवढा ऑक्सिजन लागतो.

शटल ही चाचणी मला आपल्याकडच्या रुग्णालयांसाठी फार सोयीची वाटते. १९९२ साली इंग्लंडमध्ये सॅली सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. दहा मीटरची ये-जा, दोन टोकांना दोन खुणेचे शंकू आणि एक ध्वनिफीत. ‘बीप’ वाजायच्या आत समोरच्या शंकूपाशी पोहोचायचं. दर मिनिटाला बीप जवळ येतात, म्हणजे चाल वाढवावी लागते. पहिल्या मिनिटात ताशी दोन किलोमीटरही वेग नसतो. सातव्या मिनिटात तो साडेपाचच्या घरात जातो. आणि ४०० मीटर, म्हणजे पास होण्याचा टप्पा, याच सातव्या मिनिटात येतो. यंत्रसामग्री जवळजवळ शून्य. गुडघे धरलेल्या, जिना न चढवणाऱ्या साठीच्या बायकांनाही ती जमते. गुडघ्यांमुळे थांबलेल्या माणसाला फुफ्फुसांमुळे थांबलेला समजायचं, हा जिन्याच्या चाचणीतला मोठा दोष आहे.

आता मुख्य मुद्दा. पीएफटी फुफ्फुसाची परीक्षा घेते; जिना सगळ्या शरीराची घेतो. हवेतला ऑक्सिजन फुफ्फुसात येतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनवर बसतो, हृदय तो ढकलतं आणि शेवटी मांडीचा स्नायू तो वापरतो. यातला कुठलाही दुवा कच्चा असला तरी दम लागतो. रक्त कमी असलेली बाई, फुफ्फुसं ठणठणीत असूनही, दुसऱ्या मजल्यावर धापा टाकते. याचीच दुसरी बाजू आशेची आहे. व्यायामाने रोगट फुफ्फुस नवं होत नाही; एफईव्ही-१ जेमतेम हलते. पण बाकीचे दुवे सुधारतात, आणि तेही काही आठवड्यांत. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, स्नायू तेवढ्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन उचलतात, श्वासाचे स्नायू लवकर थकत नाहीत. ज्या फुफ्फुसावर काल दोन मजले होत होते त्याच फुफ्फुसावर तीन होतात.

उलट दिशेने शरीर किती वेगाने घसरतं, हे १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे पाच तरुणांवर झालेल्या प्रयोगाने दाखवलं. वीस वर्षांची धडधाकट पोरं. त्यांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं, बाकी काही नाही. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पावपटीहून जास्त कमी झाली. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलेल्या नुकसानापेक्षा कमी निघालं.

आपल्या घरांत काय होतं? रिपोर्ट आला, त्यात तो शब्द आला, की त्या दिवसापासून माणूस अंथरुणाला लागतो, किंवा खरं म्हणजे लावला जातो. कालपर्यंत विहिरीवरून दोन कळशा आणणाऱ्या आजीच्या हातातून सून तांब्याही काढून घेते. ‘आई, तुम्ही उठू नका, मी देते.’ बाजारात जाणारे आजोबा आता गॅलरीत बसतात. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना म्हणतो, ‘आराम करा.’ यात माया आहे, शंका नाही. पण तपासण्या, विम्याची किंवा सरकारी योजनेची मंजुरी आणि ऑपरेशनचा नंबर यांत सहज तीन-चार आठवडे जातात, आणि एवढ्या आठवड्यांत वीस वर्षांच्या मुलांचं काय झालं ते आत्ताच पाहिलं. पासष्टीच्या माणसाकडे तर मुळातच कमी असतं.

ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतर शरीरावर काय बेततं तेही पाहू. भूल दिल्यावर दोन वाटांची नळी घालून, ज्या बाजूचं ऑपरेशन ती बाजू बंद ठेवतात; तासन्‌तास एकाच फुफ्फुसावर काम चालतं. नंतर जखमा भरून काढण्यासाठी शरीराची ऑक्सिजनची मागणी काही दिवस साधारण दीडपट होते. आणि नेमकी त्याच वेळी छाती दुखत असते. दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो. खोल श्वास नाही म्हणून फुफ्फुसाचा तळ मिटतो. खोकला दाबला म्हणून कफ आत साठतो. मिटलेल्या तळात साठलेला कफ म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनमध्ये जखम लहान असते, दुखणं कमी असतं. साखळी मात्र हीच.

म्हणून गेल्या वीसेक वर्षांत एक नवा विचार पुढे आला. ऑपरेशननंतर रुग्णाला उभं करण्यापेक्षा ऑपरेशनआधीच तयार करायचं. इंग्रजी शब्द प्रीहॅबिलिटेशन. आपले फिजिओथेरपिस्ट त्याला नुसतं ‘प्रीहॅब’ म्हणतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फ्रान्चेस्को कार्ली यांनी आतड्याच्या ऑपरेशनच्या रुग्णांवर याचं बरंच काम केलं. फुफ्फुसाच्या बाबतीत मला सर्वांत बोलका वाटतो तो जिनिव्हाच्या मार्क लिकर आणि सहकाऱ्यांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनची वाट पाहणारे १५१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे सल्ले. निम्म्यांना आठवड्यातून साधारण तीनदा सायकल: १५ सेकंद जवळजवळ सगळा जोर लावून, १५ सेकंद विसावा, असं १० मिनिटं, चार मिनिटं थांबून पुन्हा १० मिनिटं. वाट पाहण्याचा काळ साधारण साडेतीन आठवड्यांचा. तेवढ्यात व्यायाम करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता १५ टक्के वाढली. वाट बघत बसलेल्यांची उतरली. ऑपरेशननंतर फुफ्फुसाच्या गुंतागुंती व्यायामवाल्यांत २३ टक्के, दुसऱ्या गटात ४४ टक्के.

हे वाचून कुणी भारावून जाऊ नये. या प्रयोगात सगळ्या गुंतागुंती आणि मृत्यू एकत्र धरल्यावर दोन गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसाला पूर्ण उतरला नाही. २०१७ साली कॉक्रेन संस्थेने अशा प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा हाताशी जेमतेम पाच प्रयोग आणि १६७ रुग्ण होते. २०२२ च्या आढाव्यात दहा प्रयोग आणि ६३६ रुग्ण. दोन्ही वेळा कौल एकच: फुफ्फुसाच्या गुंतागुंती निम्म्याहूनही कमी होतात, रुग्णालयातला मुक्काम आखूड होतो. व्यायामाने कर्करोग परतण्याचं टळतं किंवा आयुष्य वाढतं, असं मात्र या पुराव्यावरून म्हणता येत नाही. तसं सांगणारा कुणी भेटला तर दोन हात लांब राहावं.

खर्चाचा प्रश्न येतो, म्हणून आणखी एक प्रयोग. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाच्या मोठ्या ऑपरेशनसाठी आलेल्या ४४१ रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने फक्त अर्धा तास दिला. ऑपरेशननंतर छाती का भरते, शुद्धीवर आल्याबरोबर श्वास कसे घ्यायचे, हे समजावलं आणि करवून घेतलं. बाकी सगळं दोन्ही गटांना सारखंच. २०१८ साली आलेला निकाल: फुफ्फुसाच्या गुंतागुंती २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर. ऑपरेशननंतर हेच शिकवायला गेलं तर रुग्ण दुखण्याने आणि औषधाच्या गुंगीने अर्धा ऐकतो. आधी शिकलेलं शरीराच्या लक्षात राहतं.

तो अर्धा तास कसा असतो? फिजिओथेरपी विभागात टेबलावर ते ओळखीचं प्लॅस्टिकचं खेळणं असतं: तीन नळकांड्या, तीन रंगीत गोळ्या, एक नळी. कोविडच्या काळात ते घरोघरी पोहोचलं. पहिली गोळी वर जायला सेकंदाला ६०० मिलिलिटर हवा ओढावी लागते, दुसरीला ९००, तिसरीला १२००. दहांतले निदान पाच रुग्ण ती नळी तोंडात धरून जोरात फुंकतात. गोळ्या ढिम्म हलत नाहीत.

‘फुंकू नका आजी, ओढा. शहाळ्यातलं पाणी नळीने ओढता ना, तसं.’

आजी ओढतात. पहिली गोळी उडते, खाली येते.

‘झालं?’

‘वर धरून ठेवायची. एक, दोन, तीन. घाई नाही.’

घाई नाही, हेच शिकवणं अवघड जातं. तिन्ही गोळ्या एकदम उडवून दाखवण्यात पुरुषांना भारी मौज वाटते. पण झटका मारून ओढलेली हवा वरच्या भागातच फिरते. एकच गोळी, पण सावकाश आणि तीन सेकंद वर धरलेली, ही तळापर्यंत हवा नेते. खरं सांगायचं तर या यंत्रावर विसंबून गुंतागुंती कमी होतात, असा भक्कम पुरावा नाही. त्याचा उपयोग सवयीपुरता. मग ‘हफ’ शिकवतात: तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरतो तशी हवा जोराने बाहेर टाकायची, म्हणजे कफ वर सरकतो आणि खोकल्याइतकं दुखत नाही. खोकायची वेळ आलीच तर जखमेवर उशी घट्ट दाबून धरायची. आणि ज्यांना जुना दमा किंवा सीओपीडी आहे त्यांना ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवतात, म्हणजे आत अडकलेली हवा बाहेर पडायला वेळ मिळतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो: ‘मी रोज अनुलोम-विलोम करतो, ते चालेल ना?’ चालेल. मन शांत होतं, श्वासावर ताबा येतो, झोप लागते. ऑपरेशनच्या आधी हे थोडं नाही. पण बसून केलेल्या प्राणायामाने मांडीचे स्नायू आणि हृदय यांना काम मिळत नाही, आणि आपल्याला हवी आहे ती ताकद तिथली. कपालभातीसारखे झटक्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. प्राणायाम करून उरलेला दिवस खुर्चीत काढणाऱ्यापेक्षा प्राणायाम न करता रोज दोनदा चालणारा ऑपरेशनला जास्त तयार असतो, हे माझं स्पष्ट मत.

चालायचं किती? इथे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची पट्टी कामाला येते. शून्य म्हणजे अजिबात दम नाही, दहा म्हणजे याहून जास्त दम शक्यच नाही. व्यायामात चार ते सहाच्या मध्ये राहायचं: वाक्य बोलता येतं, पण मध्ये श्वास घ्यावा लागतो आणि गाणं म्हणता येत नाही. दोन-तीन मिनिटं असं चालायचं, मिनिटभर थांबायचं, पुन्हा चालायचं. सुरुवातीला एकूण दहा मिनिटं, मग रोज थोडं वाढवत अर्धा तास. त्याला जोड खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याची. दिवसातून दोन-तीनदा, दहा-दहा वेळा. जिना असेल तर जिना. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करावं. छातीत दुखलं, चक्कर आली, थुंकीतून रक्त आलं किंवा बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८८ च्या खाली गेला तर थांबावं आणि कळवावं.

सगळ्यांत मोठा अडथळा स्नायूंचा नसतो, भीतीचा असतो. ‘अहो, दम लागतो म्हणून तर दवाखान्यात आले, आणि तुम्ही मला दम लागेस्तोवर चालायला सांगताय?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं: चालल्यावर लागलेला आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत उतरणारा दम नुकसान करत नाही, तो व्यायाम चालू असल्याची खूण आहे. बसल्या जागी लागणारा, झोपल्यावर वाढणारा किंवा एकाएकी आलेला दम वेगळा. त्यासाठी लगेच डॉक्टर.

पोटात काही नसेल तर व्यायामाने स्नायू वाढण्याऐवजी झिजतात. कर्करोगाच्या रुग्णाला किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. आणि आपण आजारी माणसाला देतो काय, तर तांदळाची पेज आणि साबुदाण्याची खीर. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच, पेलाभर दुधातही तेवढीच. मूठभर शेंगदाणे, मटकीची उसळ, सोयाबीन, मासळी चालत असेल तर मासळी, असं दिवसभर थोडं थोडं जोडत गेलं तरच हिशेब जमतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते याच आठवड्यांत दुरुस्त करून घ्यावं.

तंबाखूबद्दल फार लिहीत नाही. विडी-सिगारेट ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सुटलेली बरी. ते चार आठवडे उरले नसतील तर आज. ‘आता अचानक सोडलं तर कफ वाढेल’ हे ऐकीव आहे. तपासून पाहिल्यावर त्याला आधार सापडलेला नाही. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दिवसाभरात उतरतो आणि तेवढा ऑक्सिजन जास्त वाहिला जातो. मिश्री आणि गुटखाही त्यातच धरा. निकोटिन कुठूनही आलं तरी रक्तवाहिन्या आवळतं.

आपल्याकडचं खरं दुखणं वेळेचं आहे. एक्स-रेवर डाग दिसला की पहिला संशय क्षयाचा, आणि आपल्या देशात क्षयाचं प्रमाण बघता तो चुकीचाही नाही. पण थुंकीत जंतू न सापडताच क्षयाची औषधं सुरू होतात, दोन-तीन महिने जातात, वजन उतरतं, डाग वाढतो, मग कुणीतरी बायोप्सी करायला सांगतं. तोवर अनेकांची ऑपरेशनची वेळ टळून गेलेली असते. आपल्याकडे फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या थोड्याच रुग्णांच्या वाट्याला ऑपरेशन येतं, त्याचं हे एक कारण. जे उरतात त्यांना घाई असते, आणि असायलाच हवी. तंदुरुस्तीसाठी ऑपरेशन महिनोन्‌महिने पुढे ढकलणं हा वेडेपणा होईल. दोन ते चार आठवडे, बस. आणि तेही बहुतेक वेळा आपसूक मिळालेलेच असतात. अलीकडे काही रुग्णांना ऑपरेशनआधी केमोथेरपी आणि इम्युनोथेरपीच्या तीन फेऱ्या देतात, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. तिथे तर नऊ आठवडे मिळतात. थकवा असतो, मळमळ असते, तरी इंजेक्शननंतरचे दोन-तीन दिवस सोडून उरलेल्या दिवसांत चालणं बहुतेकांना जमतं.

ऑपरेशनची तारीख हातात पडली की त्याच दिवशी फिजिओथेरपीची तारीख मागा. डॉक्टरांनी आपणहून सुचवलं नाही तरी मागा. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो आणि त्याचा खर्च ऑपरेशनच्या मानाने किरकोळ असतो. जाताना पीएफटीचा कागद आणि पायात चालायची चप्पल किंवा बूट असू द्या. आणि घरातल्यांनी आजींच्या हातातला तांब्या काढून घेऊ नये.